‘हे’ ड वर्गात गेले

आमच्या घरात क्लाउड आहे हे मला तो भरल्यावर कळलं.

शनिवारी सकाळी कमलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्यापुढं चहा ठेवला (बिनसाखरेचा, आणि तोही अर्धा कप) आणि हातातला फोन माझ्या नाकाशी धरला.

"आवो, हे काय म्हणायलंय बगा बरं. जागा संपली म्हणतंय."

"कशातली?"

"मला काय मालूम? वर ढगाचं चित्र हाय. मंगळवारी नांदेडला डॉक्टरला दावायचंय समदं. त्याच्या आत जागा करा. न्हाईतर अर्पिताला इचारा."

‘समदं’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी एवढंच शिकलोय की ‘समदं’ म्हणजे काय ते विचारायचं नसतं. पण अर्पिताचं नाव निघालं आणि माझा स्वाभिमान जागा झाला. अर्पिता आमची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरी करते. घरातला बल्ब उडाला तरी कमल तिला फोन लावते.

"अर्पिताला कशाला? मी काय मेलोय का?"

"असं अभद्र बोलू नका हो सकाळी सकाळी," ती एकदम कळवळून म्हणाली आणि आत गेली.

तिच्या कळवळण्याला कारण होतं. गेल्या वर्षभरात मी तीनदा चक्कर येऊन पडलो होतो. एकदा न्हाणीत, एकदा गंगाखेडच्या बसस्टँडवर आणि एकदा थेट आमच्या प्राचार्यांच्या अंगावर. (प्राचार्यांना वाटलं, मी पाया पडतोय. त्यांनी आशीर्वादही दिला.) नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यातून काही निघालं नाही. शेवटी ते म्हणाले, सहा महिने रोजची नोंद ठेवा. काय खाल्लं, बीपीची गोळी कधी घेतली, चक्कर कधी आली. त्यावरून छातीत मशीन बसवायची का ते ठरवू. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, आणि नोंदीचं काम कमलकडं दिलं. ती ते कुठं लिहिते, कसं लिहिते, मी कधी बघितलं नव्हतं. माझा समज, असेल एखादी वही डाळीच्या डब्यामागं.

क्लाउडचं सांगायचं तर, अर्पिता बारावीला असताना बसस्टँडसमोरच्या मोबाईलवाल्यानं आमच्या साऱ्या घराचं मिळून एकच खातं काढून दिलं होतं, माझ्या नावावर. रेशनकार्ड कसं घराला एकच असतं, तसं. तेव्हापासून तिघांच्याही फोनमधलं जे काही होतं ते त्या एका पोत्यात पडत होतं. अर्पिताचे दाखले, लग्नपत्रिका, साड्यांचे फोटो, कुणाच्या तरी बारशाचा पाळणा, सगळं.

आता, मी आमच्या कॉलेजात हेडक्लार्क आहे. अठ्ठावीस वर्षं मी कागदांची वर्गवारी करत आलोय. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा, आणि ड म्हणजे वर्ष उलटलं की नष्ट. माझ्या हातून आजवर बैलगाड्या भरतील एवढे ड वर्गाचे कागद गेलेत आणि एकाही कागदाची तक्रार आली नाही. (आली असेल तर तीही ड वर्गातच गेली असेल.) अशा माणसाला घरचं पोतं साफ करता येऊ नये?

म्हणून शनिवारी दुपारी मी धम्मदीपकडं गेलो. धम्मदीप आमच्या कॉलेजचं कॉम्प्युटरचं सगळं बघतो. चाळिशीचा माणूस, बोलायला कमी. त्याच्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडी असते. तिच्यात चित्र नाही, बटण नाही, माऊसचं काम नाही. तो एक ओळ टाइप करतो आणि कॉलेजच्या दोन हजार फायली क्लाउडवर इकडच्या तिकडं होतात. हे मी कितीतरी दिवस दुरून बघत होतो आणि मनातल्या मनात जळत होतो. आमच्या हाताखाली तीन शिपाई आहेत, पण फाईल आण म्हटलं तर चहा होऊन जातो.

"मला हे शिकव," मी म्हणालो.

"योगीराजभाऊ, घरच्यासाठी कशाला? फोनवरूनच करा की. एकेक दाबायचं, पुसायचं."

"एकेक? मी हेडक्लार्क आहे, धम्मदीप."

त्यानं माझ्याकडं बघून सुस्कारा सोडला. मग अर्पिताचा जुना लॅपटॉप मी नेला होता, त्यावर सगळं बसवून दिलं आणि कागदावर चार ओळी लिहून दिल्या. पहिल्या ओळीनं फायलींची यादी दिसते. दुसरीनं, सांगितलेली नावं सोडून बाकीचं कचरापेटीत जातं. तिसरीनं, पेटीतलं परत आणता येतं. चौथीनं पेटी कायमची रिकामी होते.

"ही बघा दुसरी ओळ," तो म्हणाला. "हिच्या मागं ही शेपटी लावली की ती रंगीत तालीम करते. काय काय जाणार ते नुसतं दाखवते, पुसत काय न्हाई. आधी तालीम करायची, वाचायचं, मगच खरं. आन् चौथी ओळ महिनाभर तरी वापरू नका."

"पण पेटीत असेपर्यंत जागा मोकळी होणार नाही ना?"

"न्हाई होत. पेटीतलं बी जागा खातं."

"मग काय उपयोग?"

"भाऊ, कमीतकमी वाचून तरी करा," एवढंच तो म्हणाला.

रविवारी कमल पेडगावला बहिणीकडं वास्तुशांतीला गेली. घर मोकळं. मी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला आणि लॅपटॉप पुढं घेतला. नियम मी आदल्या दिवशीच तयार केला होता, आणि आजही सांगतो, कार्यालयीन दृष्टीनं तो बिनचूक होता. ज्या कागदावर संबंधिताचं नाव नाही तो कागद कुणाचाच नाही, आणि जो कुणाचाच नाही तो ड वर्ग. म्हणून योगीराज, कमल, अर्पिता, ही तीन नावं मराठीत आणि इंग्रजीत. यातलं एखादं नाव ज्या फायलीच्या डोक्यावर असेल ती राहील. बाकीच्यांनी जावं.

रंगीत तालीम मी केली नाही. तालीम गॅदरिंगच्या पोरांनी करावी, असं माझं तेव्हा मत होतं.

एंटर दाबलं आणि काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. ‘गुड मॉर्निंग’ गेलं. ‘नवीन’ गेलं, ‘नवीन नवीन’ गेलं. मग बराच वेळ नुसतं ‘हे’ जात राहिलं. हे १, हे २, हे ३, हे ४... संपेचना. मला हसू आलं. म्हटलं, कमलच्या हातातून फोन निसटून काहीतरी दाबलं गेलेलं दिसतंय. एखाद्या कागदाचं नाव ‘हे’ कोण ठेवेल? आमच्याकडं असा कागद आवकला आला असता तर मी शिपायासकट परत पाठवला असता.

सहाशे बारा फायली पेटीत. मी लगेच चौथी ओळ टाकली. खिडकीनं इंग्रजीत विचारलं, हे कायमचं नष्ट होईल, खात्री आहे का? पुढं कंसात वाय आणि एन, म्हणजे यस किंवा नो.

इतक्या मोठ्या निर्णयाला नुसतं वाय? मी की-बोर्ड मराठीवर घेतला (मंजुरी मराठीतच द्यायची, असा नियम आहे) आणि व्यवस्थित लिहिलं, ‘मान्य’. त्याखाली सही म्हणून ‘यो.’. खिडकीनं काही आवाज केला नाही, गुमान नव्या ओळीवर गेली. आमच्याकडंही ‘मान्य’ झाल्यावर कुणी पुढं काही विचारत नाही, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी एक पूर्ण कप चहा केला, दोन चमचे साखर घालून, आणि विजय साजरा केला.

कमल दिवस मावळायच्या आत परत आली. पाय धुतले, फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दोनच मिनिटांत बाहेर आली.

"आवो, माझं हे कुठंय?"

"मी? मी इथंच आहे की."

"तुमी न्हाई वो. फोनमधलं हे. एकशे चौऱ्याहत्तर व्हते."

मी कोपऱ्यातल्या लॅपटॉपकडं बघितलं.

"एकशे चौऱ्याहत्तर... काय होते?"

"हे! डॉक्टरनं सांगितलं न्हवतं का लिवायला? रोजचं एक. अर्पितानं शिकवलं, फोनमधी बोललं की लिवून निगतंय म्हणून. सा महिने झालं, रोज दिवेलागणीला बोलतेय मी."

म्हणजे संध्याकाळी स्वयंपाकघरातून जो हळू आवाज यायचा तो हा. मला वाटायचं ती बहिणीशी बोलते.

"पण मग नाव ‘हे’ का?"

"मग काय लिवू?" तिनं डोळे मोठे केले. "तुमचं नाव?"

आता हे मला कळायला हवं होतं. कमलनं माझं नाव आयुष्यात एकदाच घेतलंय, लग्नाच्या दिवशी, तेही उखाण्यात आणि बायकांनी दार अडवल्यावर. जनगणनेवाला आला होता तेव्हासुद्धा तिनं माझं नाव शेजारणीकडून सांगवलं. ती मला ‘हे’च म्हणते. सत्तावीस वर्षं तिनं ‘हे’ म्हटलं की मी ओ देतोय, आणि कागदावर ‘हे’ दिसले तेव्हा मी स्वतःला ओळखलं नाही.

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, "सर्व्हर डाऊन असेल. उद्या येईल."

ती आत गेली, भिंतीवरून कॅलेंडर काढून आणलं आणि जमिनीवर बसून, बोट ठेवून ठेवून आठवायला लागली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक डाव... दसऱ्याला न्हाई... दसऱ्यानंतर शनिवारी..." आठवलं की पेन्सिलनं फुली मारायची, मग डोकं हलवायची आणि खोडायची. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे धरलं होतं. इतकी लाज मला प्राचार्यांच्या अंगावर पडलो तेव्हाही वाटली नव्हती. आणि लाजेखाली भीती होती. आता डॉक्टर कशाच्या आधारावर ठरवणार? अंदाजानं छाती उघडणार का?

सोमवारी कॉलेज उघडायच्या आधी मी धम्मदीपच्या खोलीपुढं उभा होतो.

"चौथी ओळ टाकली?" त्यानं माझं तोंड बघूनच विचारलं.

"टाकली."

"तालीम?"

मी छताकडं बघितलं.

त्यानं लॅपटॉप उघडला, दोन ओळी टाइप केल्या आणि थांबला. "भाऊ, पेटी तर भरलेलीच हाय."

"कसं शक्य आहे? मी मंजुरी दिली होती."

त्यानं वर सरकवून जुन्या ओळी बघितल्या. तिथं माझं ‘मान्य’ चौकोनी डबे होऊन बसलं होतं. खाली ‘यो.’चा एक डबा. धम्मदीपला मी पाच वर्षांत पहिल्यांदा एवढं हसताना बघितलं. खुर्ची करकरायला लागली.

"अवो, त्याला वाय पायजे. वाय सोडून काय बी लिवा, ते न्हाईच समजतंय. तुमच्या मंजुरीला त्यानं नामंजूर केलं!"

अठ्ठावीस वर्षांत माझी सही पहिल्यांदा कुणीतरी नाकारली होती. मला इतका आनंद झाला की मी त्या यंत्राला मनोमन बढती दिली.

तिसऱ्या ओळीनं सगळे ‘हे’ परत आले, आणि त्यांच्याबरोबर नवीन, नवीन नवीन आणि सगळ्या गुड मॉर्निंगाही. (गुड मॉर्निंगा तेवढ्या धम्मदीपनं तालीम करून, वाचून पुन्हा काढल्या; जागा तेवढ्यानंच झाली.) मी तिथंच लॅपटॉप मिटायला हवा होता. पण म्हटलं, शाबूत आहेत का बघू, आणि पहिला उघडला.

"आजपासून बोलायलेय. सकाळी पोळ्या दोन, वरण. चहा दोन कप म्हणले, चार पिले. हाटेलातला येगळा."

आणखी एक उघडला. हे २३. "दुपारी चक्कर. पडले न्हाईत, भिंतीला धरलं. मी इचारलं तर म्हणले, भिंतीला ओल आली का बघायलोय."

हे ५७. "आज लय हसले. अर्पिताचा फोन आलता. गोळी येळेवर. चक्कर न्हाई."

हे ८८. "सकाळची गोळी धुण्यात सापडली, शर्टाच्या खिशात. मला म्हणले घेतली. संध्याकाळी दोन घेतल्या एकदम. मला दिसलं न्हाई असं ह्यांला वाटतंय. घंटाभरानं चक्कर. काय बोलावं, माणूस आधीच भ्यालेलं हाय."

हे १३१. "ह्यांचं घोरणं थांबलं की मला जाग येती. नाकाशी हात धरून बगते. मंग झोपते. आज चार डाव."

पुढं मला वाचता येईना. अक्षरं पाण्यात गेली. माझं सर्व्हिस बुक आहे, त्यात अठ्ठावीस वर्षांची मिळून पानभर माहिती नाही. रुजू झाला, वेतनवाढ दिली, वेतनवाढ दिली. कुणी विचारलंच की हा योगीराज म्हणून कोण, तर कार्यालय तेवढंच सांगेल. आणि इथं दहावी नापास झालेली एक बाई रोज दिवेलागणीला भाकरी टाकता टाकता माझा एकेक दिवस जपून ठेवत होती. तो मी माझ्या हातानं, वर्गवारी करून, नष्ट करायला निघालो होतो. मी लय खोटं बोललो होतो या बाईशी, आणि तिला सगळं दिसत होतं.

धम्मदीप उगाच दुसऱ्या टेबलावरचा की-बोर्ड पुसत बसला.

संध्याकाळी कमलनं फोन उघडला आणि ओरडली, "आले! समदे आले!" मी म्हणालो, "बघ, सर्व्हर आला." (मघाशी डोळे भरून आले होते ना? येतात. तरीपण खोटं सुटत नाही.)

मंगळवारी नांदेडला डॉक्टरांनी पाऊण तास वाचलं. मधे दोनदा हसले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, जणू पेशंट फोनमध्येच होता. मग कागदावर रेघा मारून हिशेब मांडला.

"सहा महिन्यांत अकरा वेळा चक्कर. त्यातल्या नऊ वेळा, त्या संध्याकाळी यांनी दोन गोळ्या एकदम घेतल्यात. काका, खरं आहे हे?"

"एखाद्या वेळी विसरून..." मी चष्म्याला हात घातला. कमल पंख्याकडं बघत होती. मी हात खाली घेतला. "खरं आहे."

"मग मशीनची घाई नको. बीपीच्या दोन गोळ्या एकदम घेतल्यावर कुणीही पडेल. आता महिनाभर वेळेवर घ्या, काकूंच्या समोर घ्या, आणि मग बघू." ते कमलकडं वळले. "काकू, हे फार छान लिहिलंय. आमच्या शिकाऊ डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का?"

"दावा की खुशाल," कमल म्हणाली. "ह्यांचं नाव कुटंच न्हाई त्यात."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. ती खुशीत होती, पेरू खात होती, मला अर्धा दिला. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तरी मला पेरू गिळेना. लोहा गेल्यावर मी म्हणालो,

"अगं, सर्व्हर डाऊन नव्हता. मीच पुसलं होतं. न वाचता. ड वर्गात टाकलं होतं मी तुला... म्हणजे मला... म्हणजे सगळ्याला."

"मालूम हाय."

"कसं काय?"

"खोटं बोलताना तुमी चष्मा पुसता. सातव्या ‘हे’मधीच लिवलंय मी."

मग मी थांबलोच नाही. हॉटेलातला चहा सांगितला, खिशातल्या गोळ्या सांगितल्या, रविवारची दोन चमचे साखर सांगितली, भिंतीला कधीच ओल आली नव्हती हेही सांगितलं. गंगाखेड यायला आलं तेव्हा माझ्याकडं सांगण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. कमलनं सगळं ऐकून घेतलं. मधेच एकदा माझ्या कपाळावर हात ठेवला. इतक्या वर्षांनी, भर बसमध्ये! मला भरून आलं, मी डोळे मिटून घेतले. मग तिनं फोन काढला, तोंडाशी धरला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. बसच्या खडखडाटात मला शब्द ऐकू आले नाहीत, पण डोळे किलकिले करून बघितलं तर चेहऱ्यावरून वाटलं, काहीतरी मायेचं असणार.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्या गेल्या मी धम्मदीपकडून एक नवी ओळ लिहून घेतली, नुसतं वाचायची, कशालाही हात न लावायची. ती टाकली आणि ‘हे १७६’ उघडला.

"चक्कर न्हाई. पेरू अर्धा. बसमधी हे आपणहून खरं बोलले, कुणी इचारलं न्हवतं. कपाळाला हात लावून बगितला, ताप न्हाई. आजून एक डाव असं झालं तर डॉक्टरला लगेच फोन करायचा."